नळाच्या माहेरी

आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी एक नोटीस बोर्ड आहे. त्यावरचं कुणी वाचत नाही. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं लागली, तरच त्याच्यासमोर गर्दी होते! एरवी मी लिफ्ट येईपर्यंत त्या काचेत केस नीट करून घेते. तर २०२४च्या एप्रिलमध्ये, एका गुरुवारी सकाळी, डोक्याला शाम्पू लावलेला असताना आमचा शॉवर खोकल्यासारखा आवाज करून बंद पडला. साडेनऊला क्लायंट मीटिंग. शेवटी फ्रिजमधल्या बाटल्या डोक्यावर ओतल्या. (करून बघा. मेंदूपर्यंत झिणझिण्या जातात.) ओल्या केसांनी तरातरा खाली आले, तर सेक्रेटरी काका शांतपणे म्हणाले, ‘अगं, तीन दिवसांपासून नोटीस लावलीय.’

लावली होती खरी. जलवाहिनीचं दुरुस्तीचं काम, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत पाणीपुरवठा बंद, त्यानंतर दोन दिवस कमी दाबाने पाणी, नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरावे, उकळून गाळून प्यावे व सहकार्य करावे. ती भाषा तुम्हालाही पाठ असेल. मला तेव्हा सहकार्य बिहकार्य काही करायचं नव्हतं. मला भांडायचं होतं.

आता भांडायचं तर कुणाशी? नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, पालिकेत प्रशासक. १९१६ ला फोन केला. पलीकडच्या मुलीने इतक्या गोड आवाजात तक्रार नंबर दिला, की माझा अर्धा राग तिथेच उतरला. उरलेला अर्धा घेऊन शनिवारी वॉर्ड ऑफिस गाठलं. तिथे पाणी खात्यातले एक इंजिनीअर भेटले, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, ‘तुमच्या नळाला पाणी कुठून येतं, माहितीये?’

‘टाकीतून.’

‘आणि टाकीत?’

एमबीए केलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी भिंतीकडे बघितलं. तिथे एक जुना, कडा पिवळ्या पडलेला नकाशा होता. उजव्या कोपऱ्यात वर सात निळे ठिपके आणि तिथून खाली मुंबईपर्यंत आलेल्या रेषा. विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, भातसा. सातपैकी फक्त विहार आणि तुळशी मुंबईत, बाकी सगळी ठाणे, पालघर, नाशिककडे. सातही तुडुंब भरली तर १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. शहराला रोज लागतं त्यातलं ३८०० दशलक्ष लिटरच्या वर. आणि हे सगळं चार महिन्यांच्या पावसाच्या भरवशावर! आपली सकाळची जी दीड तासाची पाण्याची वेळ असते, ती तर शेवटी एका माणसाच्या हातात असते. तो लांबलचक चावी घेऊन येतो आणि रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवतो. त्याला चावीवालाच म्हणतात. मी त्याला कधी बघितलेलं नाही, कारण तो येतो तेव्हा मी झोपलेली असते.

‘तानसाला गेलायत कधी?’ साहेबांनी विचारलं.

‘नाही.’

‘आणि लोणावळ्याला?’

‘दर पावसाळ्यात.’

‘मग?’

मग काय, मी तक्रार तशीच पर्समध्ये घालून बाहेर पडले.

पण ते ‘मग?’ डोक्यात राहिलं. पुढचे काही वीकेंड मी मॉलऐवजी पाण्याच्या मागे हिंडले. मैत्रिणींनी वेड्यात काढलं. पण बॉस, मुंबई अशी कधी दिसली नव्हती! पहिला हँगिंग गार्डन. आपण सगळे तिथे शाळेच्या सहलीला गेलोय, म्हातारीच्या बुटात शिरलोय, हत्तीच्या आकारात कापलेल्या झुडपांशेजारी फोटो काढलेत. पण त्या हिरवळीखाली ब्रिटिशांच्या काळातला जलाशय आहे आणि दक्षिण मुंबईचा मोठा भाग त्याचं पाणी पितो, हे किती जणांना माहीत आहे? माझगावच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानाचं तेच. वर कपल्स, खाली भंडारवाड्याचा जलाशय.

मग धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दोन टाकी. आपण टॅक्सीवाल्याला ही नावं सांगतो आणि जिथे उतरतो तिथे थेंबभर पाणी नसतं. एकेकाळी होतं. नळ यायच्या आधी हे शहर तलावांवर आणि विहिरींवर जगत होतं, आणि पाऊस चुकला की पाण्यासाठी हाणामाऱ्या व्हायच्या. १८६० मध्ये विहारचं पाणी पाइपातून आलं, पाठोपाठ १८७९ मध्ये तुळशीचं. तेही पुरेना, म्हणून इंजिनीअर मंडळी थेट शहापूरच्या जंगलात पोचली. १८९२ मध्ये तानसा सुरू झाला. इकडे विहिरींत डास होतात, मलेरिया पसरतो, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या बऱ्याच विहिरी बंद केल्या गेल्या, तलावही बुजले. म्हणजे घरचं पाणी बुजवलं आणि शंभर किलोमीटरवरून मागवलं. आपण ऑफिसात जेवण मागवतो ना, तसं.

तानसाची पाइपलाइन तर माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघाली. घाटकोपरहून विद्याविहारकडे निघालं की ते अजस्र काळे पाइप दिसतात. लहानपणी त्यांच्यावर मुलं बसलेली असायची, कपडे वाळत असायचे. पाइपांना धोका नको म्हणून दोन्ही बाजूंचे दहा मीटर मोकळे करायचा आदेश हायकोर्टाने दिला, झोपड्या हटल्या. मोकळ्या झालेल्या जागेवर सायकल ट्रॅक करायची योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. आमच्या ऑफिसातला सायकलवाला ग्रुप तेव्हा जाम खूश होता. हटवलेल्या लोकांना घरं मिळाली ती माहुलला, रिफायनरीच्या शेजारी. तिथली हवा सोसेना म्हणून त्यातलीच अनेक कुटुंबं २०१८ मध्ये परत येऊन याच विद्याविहारच्या पाइपलाइनशेजारी धरण्यावर बसली. वर्षाहून जास्त काळ बसली होती. मी रोज तिथूनच रिक्षाने जायचे. ट्रॅफिक का तुंबलाय एवढंच बघायचे.

मे महिन्याचा शेवटचा रविवार, २६ मे २०२४. सकाळी घाटकोपरला कसारा लोकल पकडली. मेगाब्लॉकच्या धसक्याने साडेसहालाच. विंडो सीट! ऑफिसला जाताना हे सुख सात जन्मांत मिळायचं नाही. कल्याण मागे पडलं, शहाड, आंबिवली, टिटवाळा गेलं आणि डब्याचा नूरच बदलला. भाजीच्या रिकाम्या पाट्या घेतलेल्या बायका, खांद्यावर टॉवेल टाकलेली पोरांची टोळी. पोरं खडवलीला उतरली, नदीत डुंबायला. ती भातसा नदी. मुंबईच्या नकाशावरचा सगळ्यात मोठा ठिपका तिच्यावरच्या धरणाचा. धरणातून सोडलेलं पाणी या नदीतूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथे उपसलं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग आपल्याकडे. (म्हणून ते ‘उकळून गाळून’!)

वासिंद, आसनगाव, आटगाव. उतरले. समोर माहुलीचे सुळके, उन्हात राखाडी झालेले. स्टेशनबाहेर पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं मांडून बायका बसल्या होत्या. दहा रुपयांना एक द्रोण. पाण्याची बाटली वीस रुपयांना. मला एकदम ते इंजिनीअर साहेब आठवले. त्यांनी सांगितलं होतं, की मुंबईतल्या सोसायट्यांना पालिका हजार लिटर पाणी साधारण सहा रुपयांना देते. म्हणजे माझ्या हातातल्या त्या एका बाटलीच्या पैशांत घरी तीन हजार लिटर! तीच बाटली उघडून मी जीपवाल्याशी घासाघीस सुरू केली.

जीपवाला वयाने माझ्याएवढाच. ‘तानसा? आत्ता काय बघणार, ताई? जुलैमध्ये या.’ पण तयार झाला. रस्ता अघईवरून जातो. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं झडलेली, खाली पाचोळ्याचा जाड थर. हे सगळं तानसा अभयारण्य. पावसाळ्यात इथे हिरव्या रंगाला जागा पुरत नाही म्हणे. तेव्हा मात्र सगळं भाजलेलं, मधूनच एखादा गुलमोहर पेटलेला.

आणि एका वळणावर जीप थांबली. ‘तो बघा.’

झाडांमधून तलाव दिसला. निळा नव्हता. मधोमध करडं पाणी आणि त्याच्याभोवती भेगाळलेल्या मातीचा लांबरुंद पट्टा, बशीत चहा तळाला गेल्यावर कडेला राहतो तसा. पलीकडे धरणाची भिंत, दगडी, लांबच लांब. पावणेतीन किलोमीटरच्या वर लांबी आहे तिची. वरपर्यंत जायला पालिकेची परवानगी लागते. ती माझ्याकडे नव्हती, म्हणून मी रस्त्यावरूनच बघत राहिले. १८९२ सालची भिंत! तेव्हा घाटकोपरला काय असेल? मिठागरं आणि शेतं. आणि या भिंतीमागचं पाणी विजेच्या पंपाशिवाय, निव्वळ उतारावरून मुंबईकडे धावायला लागलं, ते अजून धावतंय. खरं सांगते, अंगावर काटा आला. कॉर्पोरेट फिल्ममध्ये ‘व्हिजन’ हा शब्द आम्ही दिवसातून चाळीसदा वापरतो. ते हे असावं.

तिथे वारा होता, माणूस नव्हतं, एक खंड्या पाण्यावर सूर मारत होता. अर्धा तास बसले. नेटवर्क नव्हतं हेही बरंच झालं.

परतीच्या वाटेवर रस्त्यालगतच्या एका पाड्यावर टँकर उभा दिसला, म्हणून मी जीप थांबवायला लावली. टँकरमधून नळी लावून लोकांच्या हंड्यांत पाणी भरत असतील, अशी माझी कल्पना. तसं नव्हतं. टँकर विहिरीत रिकामा होत होता. मोठ्ठा पाइप विहिरीत सोडलेला, पाणी धो धो करत तळाशी पडत होतं आणि कठड्याभोवती वीस-पंचवीस बायका दोरी लावलेल्या कळशा घेऊन उभ्या होत्या. पाणी खालच्या गाळात मिसळायच्या आत ओढून घ्यायचं. दोऱ्या एकमेकींत अडकत होत्या, पण आरडाओरडा नव्हता. प्रत्येकीची जागा ठरलेली.

एक आजी बाजूला दम खात बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

‘मुंबैची का गं?’

‘हो आजी.’

‘तलाव बघाया आली असशील.’

‘हो.’

‘समदी तलावच बघाया येतात. इहीर बघाया कोन येत नाय.’ आणि बोळकं पसरून हसल्या.

मी विचारलं, टँकर रोज येतो का? कधी एक दिवसाआड, कधी तीन दिवसांनी. वेळ? आवाज आला की समजतं. मग पोरगी लग्नाला निघालेली असू दे नाही तर बाई चुलीपुढे असू दे, हातातलं टाकून कळशी उचलायची. पावसाळ्यात मात्र इथे पाणीच पाणी असतं, ओहोळ दारातून वाहतात. दिवाळीनंतर विहीर खाली जायला लागते आणि होळीला तळ दिसतो. हे मला जीपवाल्याने नंतर नीट समजावलं. खाली काळा कातळ, पाऊस मुसळधार पण सगळा वाहून जातो, जमिनीत मुरत नाही. आणि पाडे असे डोंगरउतारांवर विखुरलेले, की तलाव दिसतो पण तिथलं पाणी वर चढवायला पंप, वीज, पाइप सगळं लागतं. मुंबई तलावाच्या खाली आहे. पाडा तलावाच्या वर आहे. पाण्याला उतार कळतो.

‘तुमच्याकडं किती येळ येतं पानी?’ आजींनी विचारलं.

‘सकाळी दीड तास.’

‘रोज?’

‘रोज.’

त्या जरा गप्प झाल्या. ‘अन् एकादा दिस नाय आलं तर?’

‘मग आधी नोटीस लावतात. कागदावर लिहून. किती वाजता जाणार, किती वाजता येणार...’

‘कागुद लावतात?’ आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग विहिरीकडे तोंड करून ओरडल्या, ‘आयकलं का गं, पानी जायाच्या आदी हिला कागुद लावतात!’ सगळ्या बायका वळून हसल्या. चेष्टा नव्हती त्यात. फारच मजेशीर गोष्ट ऐकल्यावर हसतात ना, तसं. मीही हसले. काय करणार?

माझ्या शेजारची एक जण कळशी ओढत होती. दोरीवर घट्ट आवळलेल्या तिच्या डाव्या तर्जनीवर शाईची रेघ होती. माझ्याही होती. आदल्याच सोमवारी, २० मे रोजी, आम्ही दोघींनी एकाच दिवशी लोकसभेसाठी मत दिलं होतं. तिने भिवंडी मतदारसंघात, मी मुंबईत. पण पालिकेसाठी मत द्यायची वेळ येते तेव्हा ते फक्त मला देता येतं. तानसा मुंबई महापालिकेचा. त्याच्या भिंतीची देखभाल, त्याचे पहारेकरी, त्याचा पाइप सगळं महापालिकेचं, जिचं त्या वर्षीचं बजेट साठ हजार कोटींच्या घरात होतं. ही बाई मात्र त्या पालिकेची कुणीच नाही. तिच्या टँकरशी पालिकेचा संबंध नाही, आणि १९१६ हा नंबर तिच्या कामाचा नाही. अगदीच अन्याय नको करायला, वाटेतल्या भिवंडी-ठाण्याला आणि पाइपलाइनच्या कडेच्या काही गावांना पालिका पाणी देते. पण पाइपलाइनच्या कडेला असायला आधी पाइपलाइनच्या उतारावर जन्माला यावं लागतं.

‘भावली धरणाचं पानी आणणार म्हणतात आमच्यासाटी,’ जीपवाला परतताना म्हणाला. भावली तिकडे इगतपुरीच्या बाजूला. ‘कधी?’ मी विचारलं. त्याने गिअर बदलला आणि रेडिओचा आवाज वाढवला.

आटगावला लोकलची वाट बघताना टपरीवर कुणी तरी सोडून गेलेला पेपर हाताला लागला. पहिल्याच पानावर बातमी : तलावांमधला साठा दहा टक्क्यांच्याही खाली, मुंबईत ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात. नागरिकांनी घाबरून जाऊ नये, पाणी जपून वापरावे, सहकार्य करावे. मी ती अख्खी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. सोमवारी ऑफिसात हाच विषय. कुणी म्हणालं, आता टँकर मागवावे लागणार. कुणाला आठवलं, की आदल्या वर्षीही, २०२३ मध्ये, महिनाभर पंधरा टक्के कपात होती, कारण ठाण्यात कुणी तरी बोअरवेल खणताना थेट मुंबईच्या पाण्याच्या बोगद्यालाच भोक पाडलं होतं! सगळे खो खो हसले. दुष्काळातसुद्धा इतकं हसू मुंबईच आणू शकते. करवंदं मी डब्यात घालून नेली होती, ती मात्र दहा मिनिटांत संपली. ‘सॉलिड आहेत, कुठून आणलीस?’ आटगाव, म्हटलं. ‘ते कुठे आलं?’ मला एकदम साहेबांसारखं ‘मग?’ म्हणावंसं वाटलं, पण गप्प बसले.

वॉर्ड ऑफिसात पुन्हा एकदा गेले, जूनमध्ये. तक्रार पुढे रेटायला नाही, साहेबांना करवंदांचं लोणचं द्यायला. ते रिटायर झाले होते. नकाशा होता. तक्रारीचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

२४ जुलैला, बुधवारी, तानसा ओसंडून वाहायला लागला. पालिकेने अगदी मिनिटासकट वेळ जाहीर केली. दरवर्षी करते, पण माझं लक्ष त्या वर्षी पहिल्यांदा गेलं. संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ चार वेळा आला, दगडी भिंतीवरून पांढरं पाणी कोसळतंय, खाली नाचणारे स्मायली. २९ तारखेला कपातही मागे घेतली गेली. आमच्या लिफ्टशेजारी त्याची नोटीस लागली तेव्हा मी थांबून वाचली. मागे शेजारच्या काकू लिफ्टचं दार धरून ताटकळत होत्या.

त्या रात्री जीपवाल्याला मेसेज केला. नंबर सेव्ह केलेला होता, ‘तानसा जीप’ या नावाने. ‘भरला का हो?’

उत्तर अकराच्या सुमारास आलं. ‘भरला. दोन दिवस लाइट नाही. खालच्या गावांना सावध राहायला सांगितलंय. आजी बऱ्या आहेत, विचारत होत्या कागदवाली कशी आहे. आता या बघायला. छत्री आणा.’